स्तनपुनर्रचना आणि दांपत्यजीवन

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली की रुग्ण स्त्री पूर्ववत झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यातून पुनर्रचनेची शस्त्रक्रियाही झाली असेल, तर या समजुतीला अधिकच बळकटी येते. वस्तुतः देहाचा आकार परत मिळणे आणि दांपत्यजीवनातील स्वास्थ्य परत मिळणे, या दोन भिन्न गोष्टी होत. यांपैकी दुसरी केवळ शल्यविशारदाच्या कौशल्यावर नव्हे, तर स्त्री ज्या समाजात राहते त्या समाजाच्या रीतिभातींवरही अवलंबून असते.

आकार व संवेदना

पुनर्रचनेत सिलिकोनचे रोपण बसवून किंवा स्त्रीच्याच पोटावरील अथवा पाठीवरील त्वचा व मेद आणून नवा स्तन घडविला जातो. परंतु मूळ स्तन काढताना स्पर्शज्ञान देणाऱ्या नसा कापल्या जातात. त्यामुळे तो भाग बहुधा बधिर राहतो. काहींना संवेदना परत येते, पण ती क्वचितच पूर्वीसारखी असते. शिवाय रासायनिक औषधोपचाराने काही स्त्रियांची पाळी अकाली बंद होते, तर संप्रेरकविरोधी औषधांमुळे योनिमार्गाला कोरडेपणा येतो, समागम वेदनादायक होतो व इच्छा मंदावते. यांतील पुष्कळशा तक्रारींवर उपाय आहेत. मात्र तक्रार सांगितली जाणे आवश्यक असते.

कोरी राहिलेली उत्तरे

या शस्त्रक्रियेनंतरचे समाधान जाणण्यासाठी २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांनी 'ब्रेस्ट-क्यू' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे तिची अनेक भाषांत भाषांतरे झाली. तिच्यात लैंगिक स्वास्थ्याचा स्वतंत्र विभाग असून उत्तरांवरून ० ते १०० असे गुण दिले जातात. या विभागातील प्रश्न अनेकदा अनुत्तरित राहतात. कोरी जागा ठेवणारी एखादी स्त्री विधवा असेल, एखादी संकोचली असेल, एखादीला प्रश्नच अनुचित वाटला असेल. म्हणून दोन देशांतील गुणांची नुसती तुलना करून कोठल्या स्त्रिया अधिक सुखी, हे ठरविता येत नाही.

समाजाप्रमाणे प्रश्नाचे रूप कसे पालटते, हे दोन देशांच्या उदाहरणांवरून ध्यानी येईल. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमायोजनांवर पुनर्रचनेचा खर्च देण्याचेही बंधन घातले. पुनर्रचना हा तेथे हक्क झाला. तथापि त्याच देशातील कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द कॅन्सर जर्नल्स' या पुस्तकात, कृत्रिम स्तन लावून आपली व्यथा झाकण्याचा आग्रह नाकारला होता. जपानमध्ये रोपणाद्वारे होणाऱ्या पुनर्रचनेस २०१३ पासून राष्ट्रीय आरोग्य विम्याचे साहाय्य मिळू लागले. परंतु तेथे उष्ण झऱ्यांवर विवस्त्र होऊन सामुदायिक स्नान करण्याची प्रथा असल्याने शस्त्रक्रियेच्या व्रणाचा प्रश्न शयनगृहापुरता राहत नाही. अशा स्त्रियांसाठी खास स्नानवस्त्रे तयार करण्यात आली आहेत.

आपल्याकडील मौन

आपल्याकडे अडचण निराळी आहे. रुग्णासोबत सासू, नणंद किंवा मुलगा असतो. त्यांच्यादेखत डॉक्टर विचारीत नाहीत आणि स्त्री बोलत नाही. मुले मोठी झाल्यावर हा विषय काढणे अनेकींना अशोभनीय वाटते. तिला दुखेल या भीतीने पती दूर राहतो; आपण नकोशा झालो, असा अर्थ पत्नी त्यातून काढते. दोघेही एकमेकांना जपत असतात आणि दोघेही एकाकी पडतात.

गोव्यात २०२१ मध्ये 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' हा स्तनतपासणीचा उपक्रम सुरू झाला. रोगाचे निदान वेळीच झाल्यास उपचारानंतर दीर्घकाळ जगणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढते. म्हणूनच त्यांच्या पुढील संसाराचा विचारही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

शस्त्रक्रियेपूर्वीच पतिपत्नींनी डॉक्टरांना एकत्र भेटून स्पर्शज्ञान, वेदना व औषधांचे परिणाम यांविषयी विचारावे. संकोच वाटल्यास परिचारिकेशी अथवा समुपदेशिकेशी एकांतात बोलावे. कर्करोग स्पर्शाने किंवा समागमाने पसरत नाही, हे कुटुंबीयांनी लक्षात ठेवावे. पुनर्रचना करून घेणे वा न घेणे हा सर्वस्वी त्या स्त्रीचा निर्णय होय. तिने कोणताही निर्णय घेतला, तरी तिची विचारपूस केवळ जखम भरण्यापाशी थांबू नये.