घाटाखालचा पामेरियन

बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाने आपला जिल्हा सांगितला की पाठोपाठ प्रश्न येतो, ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ बुलडाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. राजूरचा घाट उतरून मलकापूरच्या रस्त्याला लागले की उन्हाळ्यात हवेतला फरक एस.टी.च्या खिडकीतूनच कळतो. सोयरीक जुळवताना, बदली मागताना आपण हा प्रश्न आवर्जून विचारतो. घरात कुत्रे आणताना मात्र तो कुणाच्या मनात येत नाही. खरे तर तिथे तो सर्वांत आधी यायला हवा.

पूर्वी आपल्याकडे कुत्रे असे ते शेताची आणि खळ्याची राखण करायला. त्याला भाकरीचा तुकडा मिळे, उंबऱ्याच्या आत जागा नसे. नोकरदारांच्या घरांत, थेट दिवाणखान्यात कुत्रे शिरले ते पांढऱ्याशुभ्र पामेरियनच्या रूपाने. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातल्या टफीने उरलासुरला उंबराही ओलांडला.

गंमत अशी, की आपला हा पामेरियन बहुतेक वेळा पामेरियन नसतोच. पोमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा थंड प्रदेश. आज तो पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. तिथून नाव मिळालेले अस्सल कुत्रे जेमतेम दोन ते साडेतीन किलोचे. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतून असे कुत्रे आणले आणि पुढे लहान चणीची फॅशनच झाली. आपल्या गल्लीत दिसतो तो इंडियन स्पिट्झ. इंग्रजांबरोबर आलेल्या कुत्र्यांपासून इथेच वाढवलेली ही जात. तोंड जरा लांबट आणि लहान चणीचे वजनही पाच ते सात किलो. पिढ्यान् पिढ्या इथे वाढल्याने आपल्या उन्हाशी त्याची थोडीफार ओळख झालेली आहे.

स्वभावाने तो चलाख, भुंकण्यात पटाईत आणि अनोळखी माणसाबद्दल कमालीचा संशयी. घरातला एक माणूस तो आपला मानतो आणि त्याच्या पायाशी बसतो.

आता उन्हाचे पाहू. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा कूलर. म्हणून लांब नाकाच्या स्पिट्झचे निभावते. चपट्या तोंडाच्या पगचे आणि शिह त्झूचे हाल होतात. २००३ साली मोबाइलच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग सर्वांना आवडला. पण त्याला मे महिन्यात खामगावच्या चव्वेचाळीस अंशांत आणणे म्हणजे त्याचा श्वासच कोंडणे.

उन्हाळा आला की केस भादरण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. स्पिट्झचे दुहेरी केस थंडीसारखेच ऊनही अडवतात. रोज विंचरून आतले सुटलेले केस काढावेत, तेवढ्यात गोचीडही दिसतात. फिरवायला सकाळी लवकर आणि रात्रीच न्यावे. डांबरावर आपला तळहात पाच सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे पायही भाजणारच. दुपारी वीज गेली तर फरशीवर ओले पोते अंथरावे. धापा थांबत नसतील, झोकांड्या जात असतील, तर पोटावर आणि पायांवर पाणी घालून, वारा देत ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे.

खाण्यात आपले प्रेम आडवे येते. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट त्याला विषासारखे. चहात बुडवलेली बिस्किटे आणि पेढे वजन वाढवतात, दात किडवतात. वाढलेल्या वजनाने त्याच्या नाजूक गुडघ्याची वाटी सरकते. आपल्या डबीतली अंगदुखीची गोळी तर चुकूनही देऊ नये. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा वापरावा, श्वासनलिकेवर ताण येत नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल आणि शेळ्यांची रांग असते, तिथे पामेरियन घेऊन उभे राहायला अनेकांना संकोच वाटतो. तो सोडावा. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना. लसीचे कार्ड पासबुकासारखे जपावे. घरातलाच कुत्रा चावला तरी जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही.

शेवटचा हिशेब वर्षांचा. बँकेत मुदत ठेवीचे अर्ज तपासताना मी मुदतीचा रकाना आधी पाहत असे. ही ठेव बारा ते चौदा वर्षांची आणि मध्येच मोडता न येणारी. सातवीतला मुलगा हट्ट धरतो, पिल्लू येते. पाच-सहा वर्षांत तो शिकायला पुण्याला जातो आणि कुत्रे आईवडिलांपाशी उरते. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो तेव्हा यांचेही गुडघे बोलू लागलेले असतात. कित्येक घरांत हीच सोबत दोन म्हाताऱ्या माणसांचा दिवस धरून ठेवते. काही घरांत मात्र म्हातारे कुत्रे एके दिवशी दूर नेऊन सोडले जाते. उन्हाची, वाहनांची सवय नसलेला तो जीव चार दिवसही काढत नाही.

म्हणून पिल्लू आणण्याआधी घरातल्या सर्वांनी एकदा एकत्र बसावे आणि बारा वर्षांनंतर कोणाचे वय काय असेल, घरी कोण असेल, हे कागदावर लिहून काढावे. कागदावर एक जरी नाव खात्रीने लिहिता आले, तर पिल्लू खुशाल आणावे.