घोड्याच्या सहवासातून शिक्षण : पाठाची आखणी

खेड्यातील मुलास जनावराची ओळख करून द्यावी लागत नाही, असे पूर्वी गृहीत धरले जाई. अहिल्यानगरनजीक मनमाड रस्त्यावरील नागापूरसारख्या गावी आता तसे म्हणता येत नाही. गावालगत औद्योगिक वसाहत झाली आणि कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांतील अनेक मुले मोठ्या जनावराच्या अंगाला हात न लावताच वाढू लागली. अशा मुलांना संयम, धीटपणा व दुसऱ्याचे मन ओळखण्याची सवय लावण्याच्या कामी घोड्याचा चांगला उपयोग होतो. पाश्चात्य देशांत या पद्धतीचे रीतसर वर्ग चालतात. आपल्याकडेही ग्रामकार्यकर्त्यांना ती अल्प खर्चात अवलंबिता येईल. मात्र आखणी काळजीपूर्वक केली पाहिजे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत लिस हार्टेल या डॅनिश महिलेने घोडेस्वारीत रौप्यपदक मिळविले. पोलिओमुळे त्यांचे गुडघ्याखालील पाय अधू झाले होते. तेव्हापासून अपंगांना घोड्यावर बसवून व्यायाम देण्याच्या उपचाराकडे जगाचे लक्ष वेधले गेले. तो उपचार होय, व तो वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावयास हवा. येथे विचार आहे तो शिक्षणाचा. यात कोणी घोड्यावर बसत नाही. सर्व काम जमिनीवर उभे राहूनच करावयाचे असते. कोणताही आजार बरा होईल असे आश्वासन कार्यकर्त्याने पालकांना देऊ नये.

घोडा आणावयाचा कोठून, हा प्रश्न साहजिक आहे. त्यासाठी शर्यतीचा उंची घोडा नको. दख्खनच्या धनगरांकडे असलेले काटक तट्टू या कामी उत्तम. भीमेच्या खोऱ्यातील या भीमथडी घोड्यास २०२३-२४ या वर्षात स्वतंत्र जात म्हणून शासकीय मान्यता मिळाली आहे. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी परिसरासारख्या भागांतून मेंढपाळ आपले कळप घेऊन कोकणाकडे जातात, तेव्हा पाल, भांडीकुंडी व नुकती जन्मलेली कोकरे याच तट्टांच्या पाठीवर असतात. वाटेतील गलबला व अनोळखी माणसे यांना ती सरावलेली असतात. परंतु दसरा-दिवाळीनंतर ही मंडळी घरी सापडत नाहीत. सबब पाठ पावसाळ्यातच, पेरणीची घाई संपल्यावर ठेवावेत. एक दिवस तट्टू थांबले तर मालकाचा खोळंबा होतो. म्हणून मोबदला आधी ठरवावा व त्याच दिवशी द्यावा. मेंढपाळांना केवळ जनावर धरण्यास न बोलाविता शिक्षक म्हणून मान द्यावा. ज्यांच्या नावाने २०२४ पासून हा जिल्हा ओळखला जातो, त्या अहिल्याबाई होळकर चौंडीच्या धनगर घराण्यातीलच होत, हेही मुलांना या निमित्ताने सांगता येईल.

पाठापूर्वी पशुवैद्यकाकडून तट्टाची तपासणी करवून घ्यावी. नाकातून घट्ट स्राव येत असेल किंवा कातडीवर गाठी व जखमा असतील, तर ग्लँडर्सचा संशय धरून त्या जनावराजवळ कोणासही जाऊ देऊ नये. हा रोग माणसासही होतो आणि त्याची खात्री रक्ततपासणीने होते. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून मुलांना धनुर्वाताची लस मिळाली आहे ना, याची चौकशी करावी, पायांत जोडे असावेत व शेवटी साबणाने हात धुवावेत.

साहेबाच्या पुढून व घोड्याच्या मागून जाऊ नये, असे आपल्याकडे म्हणतात. यातील दुसरा भाग शास्त्रशुद्ध आहे! घोड्याचे डोळे बाजूस असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते. पण शेपटीच्या सरळ मागे व कपाळाच्या अगदी पुढे दिसत नाही. म्हणून बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने जवळ जावे. हिंस्र पशूंपासून पळून जीव वाचविणारे हे जनावर आहे. माणसाच्या ओरडण्याने, धसमुसळेपणाने ते तत्काळ सावध होते. कान मागे चिकटले म्हणजे राग, कान व मान ताठ म्हणजे भय वा कुतूहल, खालचा ओठ सैल व मान खाली म्हणजे स्वस्थता. मुलाच्या वागण्याची पावती तेथल्या तेथे मिळते, आणि तीत भीड किंवा खुशामत नसते. या पद्धतीचे सारे मर्म येथेच आहे.

एका तट्टामागे सहांहून अधिक मुले घेऊ नयेत. वेळ सकाळची, सुमारे पाऊण तासाची असावी. जत्रेसारखी गर्दी जमविल्यास पाठ फसलाच म्हणून समजावे. प्रत्येक पाठाचा हेतू एकच ठेवावा. पहिल्या दिवशी दुरून केवळ पाहणे व खरारा करणे पुरे. दुसऱ्या दिवशी नाडी मोजावी. जबड्याखालील रक्तवाहिनीवर बोटे ठेवून पंधरा सेकंद मोजावे व चारने गुणावे. स्वस्थ घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४ असते. मुलाची स्वतःची याहून बरीच जलद असल्याचे त्याला आढळेल. कोणी दंगा केल्यास ती वाढते, हेही त्याला बोटांनीच कळते. त्यासाठी मुद्दाम दंगा मात्र करू नये.

तिसऱ्या दिवशी अंतराअंतराने ठेवलेल्या तीन पोत्यांमधून तट्टू नेण्यास सांगावे. दोर सैल असावा व तो हाताला गुंडाळू नये. दुसऱ्या बाजूस मेंढपाळांनी चालावे. मूल समोर तोंड करून ओढू लागले की तट्टू पाय रोवते. तेच मूल खांद्याजवळ उभे राहून पुढे पाहत चालू लागले की ते सोबत निघते. हे आधी सांगून टाकण्याचा मोह कार्यकर्त्याने आवरावा. मुलाने दोनदा ओढावे, थांबावे, विचार करावा. नंतर सावलीत बसून विचारावे : तट्टू कोठे थांबले? तेव्हा तुझा हात कसा होता? कान कोठे होते? घरी धाकट्या भावाला कसा हाकतोस, हा प्रश्न मुले पुष्कळदा आपसातच काढतात. न काढल्यास मुद्दाम काढू नये. भित्र्या मुलास पुढे ढकलू नये. त्याने दुरून कानांची नोंद ठेवली तरी ते कामच आहे.

‘आज जनावराचे मन नाही’ असे मेंढपाळांनी सांगितले, तर त्यांचा शब्द अखेरचा मानून पाठ तेथेच थांबवावा. निघण्यापूर्वी तट्टास पाणी पाजावे, खुरांत खडा अडकला आहे का ते मुलांसमक्ष पाहावे व पुढचा दिवस मेंढपाळांच्या सोयीने ठरवावा.