टाळेबंदीचा ताळेबंद



वार्षिक सभेत आपण कारखान्याचा ताळेबंद बारकाईने पाहतो. तोटा असला तर तो कोणाच्या खाती पडला, हे विचारल्याशिवाय सभासद गप्प बसत नाहीत. 2020 सालच्या कोरोना टाळेबंदीचा असा हिशेब मात्र फारसा झाला नाही. पारावर कोणी म्हणतो तिच्यामुळे वाचलो, कोणी म्हणतो तिनेच बुडवले. दर हंगामात आपल्या तळावर बाहेरगावची माणसे मोठ्या संख्येने येतात, म्हणून हा विषय आपल्याही कामाचा आहे.

24 मार्च 2020 रोजी रात्री आठला घोषणा झाली आणि बारापासून देश बंद. तेव्हा देशात रुग्ण पाचशेच्या घरात होते. 21 दिवसांची मुदत वाढत वाढत 31 मेपर्यंत गेली, तोवर रुग्ण 1 लाख 80 हजारांच्या वर गेले. मग उपयोग काय झाला, असे वाटणे साहजिक आहे. पण बंदीने रोग मरत नाही, त्याचा वेग कमी होतो. उसात काणी दिसली की आपण चाबकावर पिशवी घालून बेट उपटतो. त्याने शेजारचा फड तात्पुरता वाचतो. पुढच्या लागणीला निरोगी बेणे आणले नाही तर काणी पुन्हा येतेच. म्हणजे मिळालेल्या वेळात काय केले, ते पाहायचे.

केले ते थोडे नाही. जानेवारी 2020 मध्ये या रोगाची तपासणी करणारी देशात एकच प्रयोगशाळा होती, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. मेअखेर सहाशेच्या वर झाल्या. डॉक्टर-नर्सचे अंगभर संरक्षक पोशाख पूर्वी बहुतेक परदेशातून यायचे, ते मे महिन्यात रोज दोन लाखांच्या आसपास इथेच तयार होऊ लागले. साखर कारखान्यांनी सॅनिटायझर काढले. जीव किती वाचले याचे आकडे छापून आले, पण बांधावर उभे राहून एकरी टनेज सांगावे तसे ते अंदाज आहेत. मी त्यांवर फार भर देत नाही. शिवाय वर्ष हाताशी असूनही ऑक्सिजनची तयारी झाली नाही, हे एप्रिल-मे 2021 च्या दुसऱ्या लाटेत सर्वांनी पाहिले.

आता नावेची बाजू. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ एक चतुर्थांशाने घसरले. शेती मात्र तीन टक्क्यांवर वाढली. शेतीच्या कामांना 27 मार्चलाच केंद्राने सूट दिली होती, साखरही जीवनावश्यक. दूध, भाजी आणि फुलांवाल्यांचे हाल झाले, पण ऊसवाल्याचे तसे निभावले. मुलांच्या प्राथमिक शाळा दीड वर्षाहून जास्त बंद राहिल्या. ते नुकसान कोणत्या वहीत लिहायचे?

आणि तोडणीवाल्यांचे काय? बंदी आली तेव्हा हंगाम उतरणीला लागला होता. फड संपला की मजुरी संपते, आणि बैलांना मिळणारे वाढेही संपते, हे घरी बसून आकडे मांडणाऱ्याच्या लक्षात येत नाही. घरी थांबा म्हणाले, पण यांची घरे बीड, नगरकडे. इथे कोपी, आणि अनेक कोप्यांना मिळून एक नळ. पूर्वी प्लेग आला की गाव रानात झोपड्या घालून राही. ते बरोबर होते, कारण प्लेग उंदरांच्या पिसवांवाटे येई. कोरोना माणसाच्या श्वासावाटे येतो, त्याला दाटीवाटीचा तळ म्हणजे आयते रान. राज्यात असे लाखाहून अधिक तोडणी मजूर अडकले. कारखान्यांनी त्यांना धान्य-पाणी द्यावे असे शासनाने सांगितले. कुठे नीट झाले, कुठे नुसते कागदावर. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तपासणी करून गावी सोडायची परवानगी आली. पुढे काही गावांनी वेशीवर काट्या टाकल्या, ते वेगळेच. दुसऱ्या धंद्यांतले मजूर तर पायीच निघाले. 8 मे 2020 रोजी जालन्याहून भुसावळकडे निघालेले 16 जण औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) रुळावर मालगाडीखाली सापडले.

माझ्या मते पहिले काही आठवडे बंद ठेवणे समर्थनीय होते. चार तासांत, हातावर पोट असलेल्यांची सोय न लावता ते करणे समर्थनीय नव्हते. फायदा सगळ्यांना थोडा थोडा, खर्च एकाच वर्गाला, असा तो ताळेबंद झाला.

पुन्हा साथ आली तर घोषणा आपल्या हातात नाही, तळ आहे. टोळीवार यादी गाव-तालुक्यासह गट कार्यालयात असावी. मुकादमाच्या खिशातली वही पुरत नाही. दर तळावर जादा नळ व संडास, हंगामअखेर बैलांसाठी राखीव मका, आणि महिनाभराच्या धान्याची तरतूद, एवढे विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेत अशी सूचना मी करत आहे. खर्च कोणत्या निधीतून काढावा याबद्दल सभासदांनी आपले म्हणणे सभेपूर्वी चिटबॉयकडे लेखी द्यावे.

– ऊस विकास अधिकारी