ग्रह असलेले राक्षसी तारे कशाचे बनलेले असतात?



ताऱ्यांची जीवनयात्रा शिकवताना आपण तांबड्या राक्षसी ताऱ्यापाशी येतो. तिथे एखादं मूल हमखास विचारतं, "त्या ताऱ्यालाही ग्रह असतात का?"

असतात. हिवाळ्यात रात्री वृषभ राशीतला इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार मुलांना दाखवा. त्याच्या एका टोकाला तांबूस रोहिणी, तर दुसऱ्या टोकाला एप्सिलॉन टॉरी हा राक्षसी तारा आहे. त्याच्याभोवती फिरणारा, गुरूपेक्षा कितीतरी पट जड ग्रह 2007 मध्ये जाहीर झाला.

आता या ताऱ्यांत काय काय असतं ते पाहू. सूर्याच्या वस्तुमानात सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि एक चतुर्थांश हेलियम आहे. बाकी सगळी मूलद्रव्ये मिळून दोन टक्केही नाहीत. खगोलशास्त्रज्ञ या ‘बाकी’ सगळ्यांना धातू म्हणतात, अगदी ऑक्सिजनलाही! हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर रसायनशास्त्राच्या पेपरात घोळ होईल.

हे धातू मोजायचे कसे? ताऱ्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांवरून. लोहाच्या रेषा भरपूर असतात, म्हणून बहुधा लोहच मोजपट्टी म्हणून वापरतात.

सूर्यासारख्या ताऱ्यांबाबत 2005 मध्ये एक ठळक गोष्ट समोर आली. लोह सूर्याच्या दुपटीहून जास्त असलेल्या ताऱ्यांपैकी सुमारे 25 टक्क्यांभोवती मोठे वायुग्रह सापडले. सूर्यापेक्षा कमी लोह असलेल्यांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली होतं.

असं का? दोन उत्तरं शक्य होती. एक, ज्या वायू-धुळीच्या ढगातून तारा जन्मला, त्यातच धातू जास्त होते आणि म्हणून ग्रह सहज बनले. दोन, ग्रहांचे तुकडे ताऱ्यात पडले आणि फक्त त्याचा वरचा थर धातूंनी भरला.

निवाडा करायला राक्षसी तारे कामी येतात. आमटीवर फोडणीचा तवंग असतो, तेव्हा वरून ती लालभडक दिसते. पळीने ढवळली की रंग फिका होतो. सूर्यात वरचा ढवळला जाणारा थर वस्तुमानाच्या जेमतेम दोन टक्के असतो. तारा फुगून राक्षसी झाला की हा थर खूप खोलवर जातो. वरून पडलेला माल मग पातळ व्हायला हवा. मुळातच आमटी तिखट असेल, तर ढवळूनही ती तिखटच राहील.

2007 मध्ये एका अभ्यासगटाला ग्रह असलेल्या राक्षसी ताऱ्यांत जादा लोह दिसलं नाही. म्हणजे ‘तवंग’च, असं त्यांनी सुचवलं. पण तारे थोडे होते. लिक वेधशाळेतून 373 राक्षसी ताऱ्यांची अनेक वर्षं पाहणी झाली. 2015 मध्ये तिचे निष्कर्ष आले: राक्षसी ताऱ्यांतही लोह जास्त असेल तिथे मोठे ग्रह जास्त. म्हणजे पारडं जन्मापासूनच्या श्रीमंतीकडे झुकलं.

एक खबरदारी घ्या. ढवळण्यामुळे राक्षसी ताऱ्याच्या पृष्ठभागावर कार्बन घटतो, नायट्रोजन वाढतो आणि लिथियम बरंच कमी होतं. म्हणून ताऱ्याच्या जन्माची खूण शोधताना या तिघांपेक्षा लोहावर भरवसा ठेवतात.

वर्गात हा भाग घेताना 2015 चं उत्तर थेट सांगू नका. आधी 2007 चं सांगा आणि विचारा, "एवढ्या थोड्या ताऱ्यांवरून खात्री वाटते का?" त्यावर मुलं काय म्हणतात ते जरूर ऐका.