ग्रहणातही न झाकणारा सूर्य

ग्रहण लागले की आमच्या वाडवडिलांना झोळी घेऊन गावातून फिरावे लागे. "दे दान, सुटे गिराण" अशी हाळी द्यायची आणि दारोदारचे जुनेर, मूठभर धान्य पदरात घ्यायचे. राहू-केतू सूर्याला गिळतात, महार-मांगांना दान दिले की सोडतात, अशी समजूत. सूर्य तासाभरात सुटायचा, झोळी काही सुटायची नाही! बाबासाहेबांच्या चळवळीने ती टाकायला लावली. पण आजही आपल्याच काही घरांत ग्रहणात गरोदर सुनेला कोपऱ्यात बसवतात. तेव्हा विज्ञानाने ग्रहणाचा उपयोग कसा केला, ते समजून घेऊ या.

फेब्रुवारी १९४२. महायुद्ध चालू होते. इंग्लंडच्या रडार यंत्रांत एकाएकी जोराची खरखर होऊ लागली. जर्मनांचीच ही करामत, असे सैन्याला वाटले. जे. एस. हे या शास्त्रज्ञाने तपास केला, तेव्हा खरखर सूर्याच्या दिशेने येत होती आणि त्या दिवसांत सूर्यावर एक मोठा डाग होता. सूर्य प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही फेकतो, हे असे कळले. युद्ध संपेपर्यंत ही गोष्ट गुप्तच राहिली.

या लहरी निघतात कुठून? २० मे १९४७ रोजी सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जहाजावरून खग्रास ग्रहण पाहिले. चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकले, दिवसा अंधार पडला. पण रेडिओ लहरींचा जोर ४० टक्क्यांच्या खाली गेलाच नाही! म्हणजे त्या बिंबाभोवती पसरलेल्या विरळ, अतितप्त किरीटातून, करोनातून येत होत्या. (रोगाच्या विषाणूला नाव मिळाले ते याच्याच आकारावरून.) चंद्र बिंब झाकतो, त्याभोवतीचा सगळा किरीट त्याला झाकता येत नाही.

आपल्याकडे हे काम कल्याणला सुरू झाले. १९६५ साली डॉ. गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या सहा-सहा फुटी ३२ थाळ्या तेथे उभारल्या आणि सूर्याचे रेडिओ निरीक्षण केले. लोकल गाडीतून कल्याणला रोज उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? पुढे खोडदला जीएमआरटी झाली, तीही त्यांच्याच नेतृत्वाखाली.

पण नुसत्या लहरी पकडून भागत नाही. सूर्याच्या पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्राची मोजमापे संगणकाला द्यायची आणि तापलेल्या वायूची समीकरणे त्याच्याकडून सोडवून घ्यायची. किरीट कसा दिसेल, त्यातून किती लहरी निघतील, हे तो सांगतो. मग ते प्रत्यक्ष निरीक्षणाशी ताडायचे. जुळले नाही तर चूक संगणकी प्रतिकृतीची. ऐकीव गोष्ट पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. येथेही दुसरा नियम नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील दिव्येंदु नंदी यांच्या गटाने २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतील ग्रहणाआधीच किरीटाचे असे चित्र जाहीर केले. ठळक आकार बरेचसे जुळले.

एक कोडे मात्र उरलेच आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश आणि त्याच्यावरचा किरीट दहा लाख अंश! चुलीपासून दूर जावे तसे जास्त भाजावे, असा हा प्रकार. असंख्य बारीक स्फोटांनी किरीट तापत असावा, असे युजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये सुचवले. २०२० साली पुण्याच्या एनसीआरएमधील संशोधकांना, पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांत, शांत सूर्यावरही जागोजागी क्षीण लखलखाट सापडले. ते त्या स्फोटांचेच असावेत. कोडे सुटले म्हणणे घाईचे, पण धागा हाती आला आहे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण दिसेल. खास ग्रहणचष्मा लावून मुलाबाळांसह पाहावे, गरोदर बहिणींनीही पाहावे. दिवस पावसाळ्याचे, ढग आडवे येतील. खोडदच्या थाळ्यांचे त्याने काही अडत नाही, रेडिओ लहरी ढगांतूनही येतात.