आधी झाडं, मग मासे

आंबोलीत पाऊस सुरू झाला की चार महिने धुकं घरात येऊन बसतं. अशा दिवसांत पर्यटकांच्या खोलीत किंवा ओटीवर छोटा फिशटँक असला तर घराला जिवंतपणा येतो. आमच्या गटातल्या काही जणी घरगुती निवास चालवतात. त्यांच्यासाठी आम्ही दोन फुटी काचेची टाकी आणली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, यात काय कठीण? पाणी भरायचं, मासे सोडायचे, शोभेला चार झाडं लावायची.

पण ते तसं नव्हतं. दुकानात सगळ्यांत सुंदर दिसली ती लाल पानांची झाडं आम्ही घेतली. सोबत दोन गोल्डफिश आणि दहा-बारा छोटे मासे. पंधरा दिवसांत गोल्डफिशनी मुळं उकरली, कोवळी पानं खाल्ली. उरलेली लाल झाडं जुलैच्या अंधारात कुजली. पाणी गढूळ झालं, वास यायला लागला आणि एका सकाळी सहा मासे वर तरंगताना दिसले. गटाचे पैसे गेले, त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्या मुक्या जिवांचं. तेव्हा आमच्या एका काकींनी सांगितलं, "आधी झाडां जगवा, मगे मासे हाडा." आजचं बोलणं त्याच वाक्यावर आहे.

झाडं कशासाठी?

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा. जिवंत झाडं तो खत म्हणून शोषून घेतात. उजेड असताना झाडं पाण्यात प्राणवायू सोडतात. छोटे, शांत मासे स्वभावाने भित्रे असतात. लपायला आडोसा मिळाला की तेच मासे निर्धास्त होऊन बाहेर फिरतात. पिल्लांनाही पानांत आसरा मिळतो.

एक लक्षात ठेवा. रात्री अंधारात झाडंही आपल्यासारखाच प्राणवायू घेतात. म्हणून टाकी झाडांनी गच्च भरायची नाही, मासेही दाटीने ठेवायचे नाहीत.

आधी मासा ठरवा

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी मावतं. तिच्यात झेब्रा, रासबोरा, निऑन टेट्रा, गप्पी असे बोटाच्या पेराएवढे मासे शोभतात. यातले झेब्रा, रासबोरा आणि टेट्रा कळपाने राहणारे. एकेक जातीचा एकच मासा आणू नका, सहा-आठ एकत्र आणा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच, थंडीत पाणी चांगलंच गारठतं. गार पाणी झेब्रा सोसतो. गप्पीला ऊब लागते.

गोल्डफिश मात्र या टाकीत नको. तो मोठा होतो, तळ उकरतो आणि मऊ पानं खातो. आमची पहिली चूक तीच होती.

आपल्या उजेडात जगतील अशी झाडं

लाल पानांच्या बहुतेक झाडांना भरपूर उजेड लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सूर्य दिसायची मारामार, त्यात वीज जाते. म्हणून कमी उजेडात तग धरणारी, सावकाश वाढणारी झाडं निवडायची.

जावा फर्न आणि अनुबियास ही दोन सगळ्यांत सोपी. यांची पानं जाड आणि चिवट असतात, त्यामुळे मासे सहसा त्यांना तोंड लावत नाहीत. यांना आडवा, आल्यासारखा कंद असतो. तो वाळूत पुरला तर कुजतो. दगडाला किंवा लाकडाच्या तुकड्याला साध्या दोऱ्याने सैल बांधा, मुळं आपोआप पकड घेतील.

क्रिप्टोकोरीन वाळूत लावायचं. नव्या जागी आणलं की आठवड्याभरात त्याची पानं गळून पडू शकतात. घाबरून उपटू नका. मूळ शाबूत असेल तर नवी पानं फुटतात. आमच्यातल्या एकीने मेलं म्हणून फेकलं, दुसरीने धीर धरला. दुसरीचं आज टाकीभर झालं आहे.

जावा मॉस म्हणजे आपल्या गडग्यावर पावसाळ्यात येतं तसं मऊ शेवाळ. गप्पीची पिल्लं त्यात लपतात, नाहीतर मोठे मासेच त्यांना खातात.

हायड्रिला भराभर वाढतं आणि पाण्यातली घाण लवकर शोषतं. नवीन टाकीत सुरुवातीला ते उपयोगाचं, पण दर आठवड्याला छाटावं लागतं.

लावतानाही रीत आहे. उंच वाढणारी झाडं मागे, मधली दगडांभोवती, पुढची जागा माशांना पोहायला मोकळी. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. त्याहून जास्त ठेवला किंवा टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवली, तर काचेवर हिरवं शेवाळ धरतं.

पाणी आणि वाळू

आपल्याकडे पाऊस धो-धो आणि जमीन जांभ्याची, त्यामुळे झऱ्या-विहिरींचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. टेट्रा, रासबोरा आणि क्रिप्टोकोरीन यांना ते मानवतं. मोली माशाला क्षारांचं, जड पाणी लागतं. तो आपल्या पाण्यात आजारी पडतो. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन जाण्यासाठी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. धुतल्याने मीठ जाईल, पण चुरा विरघळत राहतो आणि पाणी जड करतो. दुकानातली बारीक रेती घ्या, पाणी नितळ येईपर्यंत धुवा.

झाडं लावल्यावर दोन-तीन आठवडे टाकी तशीच ठेवा. नवी पालवी दिसली की थोडे मासे सोडा, उरलेले नंतर. खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. पिकलेलं पान लगेच काढा.

ओढ्यातून आणू नका, ओढ्यात टाकू नका

हे सांगायला आम्ही आज मुद्दाम आलो आहोत. आमच्या गटात एकीने विचारलं, "झाडं विकत कशाला? हिरण्यकेशीला जाऊन आणूया." तिचं म्हणणं साधं होतं, पण उत्तर नाही असंच आहे.

हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात एक बोटाएवढा मासा राहतो. २०२० साली अभ्यासकांनी त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे शास्त्रीय नाव दिलं. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणजे आपल्या गावच्या नदीचं नाव जगाच्या पुस्तकात गेलं. तिथलं झाड, दगड, मासा काहीही उचलायचं नाही. सड्यावरच्या डबक्यांत पावसापुरती उगवणारी रोपंही तिथेच राहू द्या. ती टाकीत जगत नाहीत आणि सडा मात्र उघडा पडतो.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. टाकी साफ केल्यावर छाटलेली झाडं कुठे जातात? बहुतेक वेळा गटारात, तिथून ओढ्यात. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेसाठी जगभर नेलेली. आज ती आपल्याकडच्या कितीतरी नद्या-तलाव झाकून टाकते. दुकानात जुडीने मिळणारं कॅबोम्बाही परदेशी, केरळात ते ओढ्या-कालव्यांत पसरलं आहे. हायड्रिलाचा एक तुकडाही नव्याने रुजतो. म्हणून छाटलेलं सगळं उन्हात कडक वाळवा, मग खतखड्ड्यात टाका. टाकीचं पाणी परसातल्या फुलझाडांना घाला, त्यांना ते खतच आहे. नको झालेले मासे ओढ्यात 'मोकळे' करू नका, दुसऱ्या मैत्रिणीला द्या. आपण सोडलेला गप्पी किंवा त्याचा रोग त्या बोटाएवढ्या माशाच्या जिवावर उठू शकतो, आणि तो गेला तर दुकानातून आणता येणार नाही.

नवीन झाडही थेट टाकीत नको. पिवळी पानं आणि गोगलगाईची अंडी काढून, धुऊन, आठ-दहा दिवस वेगळ्या बादलीत ठेवा.

मैत्रिणींनो, सुरुवात लहान करा. एक जावा फर्न, एक अनुबियास, थोडं मॉस आणि सहा झेब्रा. झाडं वाढली की त्यांचेच तुकडे गटात वाटून घ्या. आमच्या टाकीतल्या पहिल्या जावा फर्नची पिल्लं आज चार घरांत आहेत, आणि त्यांतलं एकही ओढ्यापर्यंत गेलेलं नाही. हा नेम तुम्हीही पाळाल, एवढीच विनंती.