यंत्र बोलते, पण कुठून?



शेंद्र्याच्या औद्योगिक नगरीत ऑरिक हॉल उभा आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अशा नव्या धर्तीच्या मोठ्या इमारतींत छताआड एसी, हवेच्या झडपा, तापमान मोजणारी यंत्रे ढीगभर असतात. ‘गरम होतंय’ असा निरोप बिनतारी लहरीने येतो. पण यंत्र कोणत्या खोलीत आहे याची नोंदच नसेल, तर दुरुस्तीला जायचं कुठं?

त्यावर उपाय असा. यंत्राची लहर तीन ठिकाणी पकडायची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरीचा जोर चौथा हिस्सा उरतो. जोरावरून अंतर काढायचे. तिन्ही अंतरे जिथे जुळतात, तिथे यंत्र. मात्र भिंत, लोखंड वा पाणी आडवे आले की जोर घटतो आणि हिशेब चुकतो.

पत्ता चुकण्याची किंमत आम्ही जाणतो. एकदा आमच्याच हातून माती नमुन्याच्या पिशवीवर गट नंबर लिहायचा राहिला. अहवाल बरोबर आला, पण खताचा सल्ला भलत्याच रानाला गेला. त्या सभासदासमोर आजही आमची मान खाली जाते.

आता उसातही ओलावा मोजणारी बिनतारी यंत्रे येत आहेत. ऊस डोक्यावर गेला की पाण्याने भरलेली पाने लहर गिळतात. तेव्हा यंत्र बसवतानाच कितवी सरी, बांधापासून किती पावलं, हे वहीत लिहावे व गट ऑफिसला कळवावे. नोंद राहिली की रान चुकतं, हे आमच्याकडून शिका.